हलकी विमानं आणि इंजिनाचा भरवसा

खान्देशात विमान म्हटलं की जळगावहून मुंबईला जाणारं प्रवासी विमान डोळ्यांपुढे येतं. पण इथल्या आकाशात दिवसभर घिरट्या घालतात ती वेगळीच विमानं: दोन-चार आसनांची, एकाच इंजिनाची, नाकावर पंखा फिरवत जाणारी. १९२८ साली जुहूला सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचं उड्डाण प्रशिक्षण आता धुळ्याच्या गोंदूर विमानतळावरून चालतं. शिरपूरजवळ तांडे इथल्या धावपट्टीवर वैमानिक घडवणारी संस्था आहे. प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना, २०१२ मध्ये, ज्या जळगाव विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याची निवड २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लिलाबारी यांच्यासोबत नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी केली. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या सहा आसनी विमानाच्या चाचण्यासुद्धा २०२० मध्ये धुळ्याच्याच धावपट्टीवर झाल्या. छोट्या विमानांच्या दृष्टीने धुळे-जळगाव हा राज्यातला महत्त्वाचा पट्टा आहे.

याच पट्ट्यात १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या संस्थेचं टेकनाम पी२००८जेसी हे दोन आसनी विमान चोपडा तालुक्यात, वर्डी गावाच्या परिसरात, सातपुड्याच्या जंगलात कोसळलं. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. धड वाट नसलेल्या डोंगरातून आदिवासी गावकऱ्यांनी तिला कापडाच्या झोळीतून खाली आणलं. त्या अपघाताची कारणमीमांसा हे तपास यंत्रणेचं काम, या लेखाचा तो विषय नाही. पण अशी बातमी आली की चहाच्या टपरीपासून फ्लाइंग क्लबच्या हँगरपर्यंत पहिला प्रश्न एकच असतो: इंजिन बंद पडलं का?

हँगरमध्ये या प्रश्नाला आणखी एक शेपूट असतं: "इंजिन कुठलं होतं?" कारण वैमानिकांमध्ये इंजिनांवरून सरळसरळ दोन तट आहेत. सेस्नावर शिकलेले जुने वैमानिक लायकमिंगची बाजू घेतात, तर हलक्या नव्या विमानांवर शिकलेले रोटॅक्सची. या वादातली कुठली बाजू आकड्यांवर टिकते आणि कुठली नुसत्या सवयीवर उभी आहे, ते पाहण्यासारखं आहे.

हलकं म्हणजे किती हलकं?

'लाइट स्पोर्ट एअरक्राफ्ट' हा वर्ग अमेरिकेने २००४ मध्ये आखला. उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन जास्तीत जास्त ६०० किलो. आसनं दोन. पिस्टनचं एकच इंजिन. सरळ उड्डाणात कमाल वेग १२० नॉट, म्हणजे ताशी २२२ किलोमीटर. आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, ४५ नॉटपेक्षा, ताशी ८३ किलोमीटरपेक्षा, जास्त असता कामा नये. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने हे नियम बदलायचं ठरवलं. वजनाची अट काढून टाकली आणि स्टॉलच्या वेगाला मुख्य निकष मानलं. विमान किती जड आहे यापेक्षा ते किती हळू उतरू शकतं याला महत्त्व द्यायचं, असा त्यामागचा विचार.

या वर्गातली खरी क्रांती मात्र कागदपत्रांत होती. सेस्ना १५२ सारख्या विमानाला आणि त्याच्या इंजिनाला सरकारी यंत्रणेचं प्रमाणपत्र लागतं. लाइट स्पोर्ट विमानाच्या बाबतीत उद्योगाने मिळून ठरवलेल्या मानकांनुसार विमान बांधलं आहे, असं निर्मात्याने स्वतः जाहीर करायचं असतं. त्यामुळे विमानं स्वस्त झाली आणि 'आपल्या मालाची परीक्षा आपणच घेतली' हा संशयही त्यांना कायमचा चिकटला.

टेकनाम पी२००८ हे याचं चांगलं उदाहरण. इटलीत बनणारं हे विमान लाइट स्पोर्ट रूपातही मिळतं. प्रशिक्षणासाठी भारतात आलेलं 'जेसी' हे रूप मात्र युरोपच्या 'अतिहलक्या विमानां'च्या नियमांखाली रीतसर प्रमाणित आहे आणि त्याला थोडं जास्त वजन मंजूर आहे. इंजिनाचीही हीच तऱ्हा. रोटॅक्स ९१२ यूएलएस आणि जेसीत बसणारं प्रमाणित ९१२ एस२ ही दोन्ही १०० अश्वशक्तीची आणि यांत्रिकदृष्ट्या जवळजवळ एकच इंजिनं. फरक आहे तो तपासणीचा आणि प्रत्येक भागामागे चालणाऱ्या कागदाचा.

संथ धडधड, वेगवान घरघर

लायकमिंग ही अमेरिकेतल्या विल्यम्सपोर्टची कंपनी. सेस्ना १५२ मधलं तिचं ओ-२३५ हे इंजिन १९४० च्या दशकातलं. आकारमान ३.८ लिटर, वजन ११० किलोच्या आसपास, आणि हे सगळं मिळून ताकद ११० अश्वशक्ती. पंखा थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, म्हणून इंजिन मिनिटाला २,५५० फेऱ्यांच्या वर जात नाही. थंड ठेवायला फक्त वारा. ठिणगीसाठी दोन मॅग्नेटो, म्हणजे बॅटरी मेली तरी इंजिन चालूच.

रोटॅक्स ऑस्ट्रियातल्या गुन्स्किर्शेनची. तिचं १०० अश्वशक्तीचं ९१२ हे इंजिन जेमतेम १.३५ लिटरचं आणि वजन साठ-पासष्ट किलो. एवढ्याशा आकारातून एवढी ताकद काढायची तर फेऱ्या वाढवाव्या लागतात. सततच्या वापरात मिनिटाला ५,५०० आणि उड्डाणाच्या वेळी पाच मिनिटांपुरत्या ५,८००. एवढ्या वेगाने पंखा फिरवला तर त्याची टोकं ध्वनीचा वेग ओलांडतील. म्हणून मध्ये गिअरबॉक्स आहे. क्रँकशाफ्टच्या २.४३ फेऱ्यांना पंख्याची एक फेरी. सिलिंडर वाऱ्याने थंड होतात, पण त्यांच्या माथ्यांना पाण्याची, खरं तर कूलंटची, सोय आहे. दोन कार्बोरेटर, दोन इलेक्ट्रॉनिक इग्निशन. इग्निशनला वीज इंजिनाच्याच कॉइलमधून मिळते, त्यामुळे बॅटरी गेली तरी कार्बोरेटरवालं रोटॅक्ससुद्धा चालू राहतं.

विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन आणि नव्या मोटरसायकलचं इंजिन शेजारी शेजारी चालू करून ऐकलं, तर हा फरक कानालाच कळेल. जुन्या तटाचा मुख्य आक्षेपही तिथूनच येतो: ५,५०० फेऱ्या मारणारं इंजिन टिकेल कसं?

इथे थोडं गणित करू. इंजिन किती झिजेल हे नुसत्या फेऱ्यांवर ठरत नाही. पिस्टन सिलिंडरमध्ये सरासरी किती वेगाने वर-खाली घासतो, हे जास्त महत्त्वाचं. रोटॅक्सच्या पिस्टनचा पल्ला ६१ मिलिमीटर. ५,५०० फेऱ्यांना त्याचा सरासरी वेग सेकंदाला ११ मीटरच्या थोडा वर जातो. सेस्ना १७२ मधल्या मोठ्या लायकमिंगचा पल्ला १११ मिलिमीटर. २,७०० फेऱ्यांना त्याच्या पिस्टनचा वेग सेकंदाला १० मीटर भरतो. फेऱ्या दुप्पट, पण घासण्याचा वेग जवळपास सारखाच. म्हणजे कानाला जाणवतो तेवढा फरक धातूला जाणवत नाही.

मग जुन्या वैमानिकांचा रोटॅक्सवर एवढा राग का? त्याला इतिहास आहे. १९८० च्या दशकात अल्ट्रालाइट विमानांवर याच कंपनीची टू-स्ट्रोक इंजिनं असत. ती अचानक बंद पडण्यासाठी प्रसिद्ध होती आणि जिथे सुरक्षित उतरता येणार नाही अशा जागेवरून उडू नका, असा इशारा कंपनीच देत असे. १९८९ मध्ये आलेलं फोर-स्ट्रोक ९१२ हे वेगळंच यंत्र होतं, पण नाव तेच राहिलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं झालं.

दरम्यान जगाने हे इंजिन स्वीकारलं. २०१४ पर्यंत ९१२ आणि त्याच्या भावंडांची ५० हजार इंजिनं बाहेर पडली होती. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या हंसा-३ ला रोटॅक्स ९१४ बसवलं होतं आणि ३ सप्टेंबर २०२१ रोजी पहिल्यांदा उडालेल्या हंसा-एनजीला इंधन-इंजेक्शनचं ९१२ आहे. भारताने हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी २०१५ मध्ये मागवलेल्या १९४ पिपिस्ट्रेल विमानांतही रोटॅक्सच आहे.

आकडे काय सांगतात?

हा वाद निकाली काढण्याइतकी नीट आकडेवारी ऑस्ट्रेलियाने गोळा केली. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २००९ ते २०१४ या सहा वर्षांत ८०० किलोपर्यंतच्या एक-इंजिनी विमानांच्या इंजिन बिघाडाच्या सगळ्या नोंदी तपासल्या. एकूण ३२२ नोंदी निघाल्या. रोटॅक्सच्या ८७, म्हणजे दर ३६ विमानांमागे एक. लायकमिंगच्या ५८, दर ३५ विमानांमागे एक. कॉन्टिनेन्टल या आणखी एका इंजिन कंपनीच्या २८, त्याही दर ३५ विमानांमागे एक. ज्या फरकावरून वैमानिक हमरीतुमरीवर येतात, तो आकड्यांत शोधूनही सापडत नाही.

पण याच अहवालात चौथं नाव होतं. जाबिरू. ऑस्ट्रेलियातच बनणारं, हलकं, वाऱ्याने थंड होणारं, थेट पंख्याला जोडलेलं इंजिन. त्याच्या नोंदी १३०, म्हणजे दर दहा विमानांमागे एक. उड्डाणाचे तास हिशेबात धरले तरी त्याच्या बिघाडाचं प्रमाण बाकीच्या कुठल्याही कंपनीच्या दुपटीहून जास्त होतं. क्रँककेस आणि सिलिंडर एकत्र आवळून धरणारे लांब बोल्ट तुटणं, ही त्यातली एक ठळक तक्रार. डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्या नियामकाने जाबिरूच्या विमानांवर निर्बंध घातले. दाट वस्तीवरून उडायला बंदी आली. प्रवाशाने आणि एकट्याने उडणाऱ्या शिकाऊ वैमानिकाने धोका समजल्याची लेखी कबुली द्यायची असंही ठरलं. २०१६ च्या मध्यावर हे निर्बंध सैल झाले.

या प्रकरणातून दोन धडे निघतात. इंजिनाच्या रचनेने फरक पडतो, 'सगळी इंजिनं सारखीच' हे म्हणणं खरं नाही. आणि तो फरक दिसला तो प्रत्येक बिघाड लिहून ठेवला गेला म्हणून. जाबिरूचं लायकमिंगशी दिसायला बरंच साम्य होतं. संथ, थेट जोडणीचं, वाऱ्याने थंड होणारं. जुन्या तटाच्या कसोट्या लावल्या असत्या तर ते रोटॅक्सपेक्षा भरवशाचं ठरलं असतं. आकड्यांनी ते खोटं ठरवलं.

तेलाआधी कान

हलक्या विमानांची देखभाल कशी वेगळी असते, हे तेल तपासण्याच्या एका साध्या क्रियेत दिसतं. लायकमिंगचं तेल इंजिनाच्या तळाशीच साठतं, डिपस्टिक काढली की पातळी कळते. रोटॅक्सचं तेल वेगळ्या टाकीत असतं. विमान रात्रभर उभं राहिलं की त्यातलं काही तेल इंजिनात उतरून बसतं आणि डिपस्टिक कमी तेल दाखवते. म्हणून सकाळी आधी इग्निशन बंद असल्याची खातरजमा करायची, टाकीचं झाकण उघडायचं आणि पंखा हाताने, त्याच्या फिरण्याच्याच दिशेने, सावकाश फिरवत राहायचा. इंजिन ढेकर दिल्यासारखा गुडगुड आवाज करतं, तेव्हा सगळं तेल टाकीत परत आलेलं असतं. मगच पातळी पाहायची. घाईत ही क्रिया टाळून कोणी तेल ओतलं, तर ते जास्तच होतं. पंखा उलटा फिरवला, तर तेलाच्या वाहिन्यांत हवा शिरते.

अशा बारीकसारीक गोष्टी रोटॅक्सला बऱ्याच आहेत. कार्बोरेटरमधले तरंगते फ्लोट काही काळाने पेट्रोल शोषून जड होतात, बुडू लागतात आणि इंजिन धक्के खात चालतं. दोन्ही कार्बोरेटर एकसारखे ओढतात ना, हे ठरावीक तासांनी जुळवून घ्यावं लागतं. रबरी नळ्या आणि जोड विमान उडो न उडो, दर पाच वर्षांनी बदलायचे. लायकमिंगच्या तक्रारी वेगळ्या. त्याचा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान बरेच दिवस उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज धरतो. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे झाकून ठेवलेल्या विमानाला हा धोका जास्त. रोजच्या रोज उडणाऱ्या शिकाऊ विमानाला फारसा नाही.

इंजिनाच्या कागदावर 'दोन ओव्हरहॉलमधला काळ', म्हणजे टीबीओ, लिहिलेला असतो. रोटॅक्स ९१२ चा आता २,००० तास किंवा १५ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. ओ-२३५ चा २,४०० तास. पण ही हमी नव्हे. सगळ्या सूचना पाळल्या, तर इतक्या तासांनी इंजिन उघडून पाहा, एवढाच त्याचा अर्थ.

निळं पेट्रोल आणि ई-२०

भारतात रोटॅक्सपुढे एक खास अडचण आहे, ती म्हणजे इंधन. लायकमिंगसारखी जुनी इंजिनं 'अ‍ॅव्हगॅस १०० एलएल' या शिसं घातलेल्या, निळसर रंगाच्या पेट्रोलवर चालतात. ते भारतात वर्षानुवर्षं आयात होत होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवलेलं अ‍ॅव्हगॅस बाजारात आणलं.

रोटॅक्सची रचना मात्र मोटारीच्या शिसेविरहित पेट्रोलसाठी झाली आहे. अ‍ॅव्हगॅस त्याला चालतं, पण शिशाचा गाळ तेलाच्या टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये साचतो. म्हणून जास्त वेळ अ‍ॅव्हगॅसवर उडणाऱ्या इंजिनाचं तेल १०० ऐवजी ५० तासांत, जमल्यास त्याहूनही आधी बदलावं लागतं आणि गिअरबॉक्सही लवकर तपासावा लागतो.

मग पंपावरचं साधं पेट्रोल का भरू नये? तिथे इथेनॉल आडवं येतं. रोटॅक्सला १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालतं. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं ई-२० मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यासाठी न बनवलेल्या रबराला त्रास देतं. म्हणजे मोटारीच्या पेट्रोलसाठी बनलेल्या इंजिनाला आपल्याकडे मोटारीचं पेट्रोल घालता येत नाही आणि जे घालावं लागतं त्याने देखभाल वाढते. 'रोटॅक्सला खर्च कमी' हे युरोपात खरं असलं, तरी धुळ्याच्या हँगरमध्ये ते तपासूनच घ्यावं लागतं. अर्थात तिथेही एक गोष्ट त्याच्या बाजूने राहते: तासाला १८ ते २० लिटर पेट्रोल. सेस्ना १५२ ला २३ च्या आसपास आणि १७२ ला ३० च्या वर लागतं.

जळगावचा मे महिना

इंजिनाच्या भरवशाची चर्चा थंड देशांत होते, तेव्हा बर्फाची भीती असते. खान्देशात प्रश्न उन्हाचा. गरम हवा विरळ असते आणि इंजिनाला, पंख्याला, पंखांना, तिघांनाही दाट हवाच लागते. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर, म्हणजे ८४० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की तिथली हवा प्रमाण वातावरणात साडेचार हजार फुटांवर असते तेवढी विरळ होते. साडेचार हजार फूट म्हणजे जवळजवळ महाबळेश्वरची उंची. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद अशा हवेत साधारण १४-१५ टक्क्यांनी घटते. शंभर अश्वशक्ती कागदावर राहतात, हातात येतात पंच्याऐंशी. विमानाला धावपट्टी जास्त लागते आणि वर चढण्याचा वेग मंदावतो.

त्यात इंजिन बिघडलेलं नसतं. पण दुपारी बारा वाजता दोन धट्टेकट्टे जण आणि भरलेली टाकी घेऊन निघालेल्या वैमानिकाला ते 'ओढत नाही' असंच वाटणार. धावपट्टीच्या तोंडाशी परवानगीची वाट पाहत उभं राहिलं, तर वारा मिळत नाही आणि तेल, कूलंट, सिलिंडर सगळंच तापतं. गरम इंजिनाच्या झाकणाखाली नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडू शकतो. यावर उपाय महागडे नाहीत. पहाटेची उड्डाणं, हिशेबशीर वजन आणि जमिनीवर कमीत कमी ताटकळणं.

बंद पडलंच तर

कितीही भरवशाचं म्हटलं, तरी एका इंजिनाचं विमान उडवायचं ते हे इंजिन कधीतरी बंद पडणार, हे गृहीत धरूनच. शिकाऊ वैमानिकाकडून हा प्रसंग प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा करवून घेतात. प्रशिक्षक थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, "आता कुठे उतरशील?"

इंजिन थांबलं म्हणजे विमान दगडासारखं खाली येत नाही. सेस्ना १५२ एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. हजार फुटांवरून पावणेतीन किलोमीटर मिळतात, तेही वारा अनुकूल असेल तर. त्या अंतरात जागा निवडायची. खान्देशात हे ऋतूवर ठरतं. रब्बीची कापणी झाली की रानं मोकळी दिसतात, पण काळ्या मातीला भेगा पडलेल्या असतात. पावसाळ्यात तीच माती चाकं धरून ठेवते आणि विमान नाकावर पालथं होऊ शकतं. रावेर-यावलकडची केळीची बाग वरून मऊ गालिच्यासारखी भासली, तरी तिचे खांब उंच असतात. साक्रीकडे पवनचक्क्या, तापीकाठी घळी, उत्तरेला सातपुडा आणि सगळीकडे विजेच्या तारा. मुंबई-आग्रा महामार्ग वरून धावपट्टीसारखा वाटतो, पण त्यावर ट्रक आणि बाजूला खांब असतात.

इथे हलक्या विमानाचा एक खरा फायदा दिसतो. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. प्रमाणित एक-इंजिनी विमानांना पूर्वापार ६१ नॉटपर्यंत स्टॉल वेगाची मुभा होती, लाइट स्पोर्टला ४५ ची. तेवढ्याच वजनाच्या विमानाला ६१ नॉटवर उतरताना ४५ च्या मानाने १.८ पट ऊर्जा पचवावी लागते. इंजिन कुठलंही असो, हळू उतरणाऱ्या विमानातून माणूस वाचण्याची शक्यता जास्त.

सर्वांत घातक क्षण मात्र उड्डाणानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचा. चारशे-पाचशे फुटांवर इंजिन गेलं की मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह होतो. त्या वळणात वेग जातो, स्टॉल होतो आणि सावरायला उंची नसते. म्हणून नियम असा: नाक खाली, समोर किंवा थोडं डावी-उजवीकडे जे मिळेल तिथे उतरायचं. विमान मोडलं तर मोडलं.

बंद पडलेल्या इंजिनांतली कितीतरी मुळात बिघडलेलीही नसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०११ ते २०१५ च्या नोंदी पाहून सांगितलं की इंधनाच्या हिशेबातल्या गोंधळामुळे तिथे वर्षाला सरासरी ५० हून जास्त अपघात होतात. त्यांतल्या ५६ टक्क्यांमध्ये पेट्रोल अक्षरशः संपलेलं होतं आणि ९५ टक्क्यांमध्ये वैमानिकाच्या चुकीचा वाटा होता. यंत्राचा दोष फक्त ५ टक्क्यांत निघाला. लायकमिंग असो की रोटॅक्स, रिकाम्या टाकीवर दोन्ही सारखीच थांबतात.

प्रश्न कुणाला विचारायचा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीत चार दिवसांच्या आत एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन टेकनाम विमानं कोसळली. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने देखभालीतल्या त्रुटींवर बोट ठेवत त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं. कारवाई झाली ती संस्थेवर. टेकनाम किंवा रोटॅक्स यांच्यावर बंदी आली नाही. ऑस्ट्रेलियातली आकडेवारीही तेच सुचवते. जाबिरूसारखा रचनेतला दोष वगळला, तर इंजिनाचा भरवसा कारखान्यात जेवढा तयार होतो, तेवढाच हँगरमध्ये टिकवला किंवा घालवला जातो. पन्नास तासांचं तेल सत्तर तासांवर ढकललं, सहाव्या वर्षी जुनीच नळी ठेवली, 'थोडं धडधडतं' ही शिकाऊ पोराची तक्रार वहीत न लिहिता तोंडी मिटवली, की कुठलंच इंजिन भरवशाचं राहत नाही.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. ऑस्ट्रेलियाने मांडला तसा, उड्डाणाच्या तासांमागे बिघाड किती, हा हिशेब आपल्या प्रशिक्षण विमानांसाठीही इंजिननिहाय आणि संस्थानिहाय लोकांपुढे ठेवला जावा. तो असला, तर हँगरमधले निम्मे वाद दहा मिनिटांत मिटतील. दुसरी गोष्ट पालकांच्या हातात आहे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं. तेवढे तास आपलं मूल त्या एका इंजिनाच्या मागे बसणार आहे. प्रवेशासाठी गेलात की वर्गखोल्या आणि वसतिगृह पाहून परत फिरू नका. हँगर दाखवा म्हणा. विमानाच्या इंजिनाचे किती तास झाले, मागचं तेल कधी बदललं, रबरी भाग कुठल्या वर्षीचे, बिघाडाच्या तक्रारी वहीत लिहिल्या जातात का आणि दुरुस्तीनंतर सही कोण करतं, हे विचारा. चांगली संस्था वही उघडून दाखवेल. यातल्या एकाही प्रश्नाला गुळमुळीत उत्तर मिळालं, तर फी भरण्याआधी दुसरी संस्था पाहावी.